धरमाचा पिपा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे आजही ताठ मानेनं सांगतो. म्हणून शेजारच्या काकूंसाठी गावानं काय करावं, तेही मीच ठरवलं.

काकूंचं डायलिसिस दर मंगळवारी आणि शुक्रवारी यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात होई. तिथं पैसे पडत नव्हते. पडत ते ऑटोला. नेरहून एसटी होती, बायांना अर्धं तिकीट. पण मशीनवरून उठल्यावर काकूंना उभं राहवत नसे.

रोज घरामागं दोन-पाच रुपये काढू, असं मी पारावर मांडलं. माणसं हो म्हणाली आणि घरी गेली. मग ध्यानात आलं, नोटा माणसांच्या खिशात असल्या तरी धान्याच्या कोठीवर हात बायकांचा. मूठभर धान्य द्यायला त्यांना कोणाला विचारावं लागत नाही. मी चक्कीत तेलाचा रिकामा पिपा ठेवला. दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई त्यात एक मूठ टाकू लागली. पिपा भरला. शिकल्याचं चीज झालं असं वाटलं.

पिपा विकायला नेला, तर नेरच्या दुकानदारानं त्यात हात घातला. गहू, ज्वारी, डाळ, रेशनचा तांदूळ, सगळं एकात. "भाऊ, हे कोंबड्यायले चालते," म्हणाला. त्यानं दिलं त्यात ऑटोची एक खेप भागली, तीही घासाघीस करून.

मग मी वेगवेगळे डबे ठेवले, वर चिठ्ठ्या डकवल्या. बाया जवळच्या डब्यात मूठ टाकून मोकळ्या. टोकलं तर एक म्हातारी म्हणाली, "बापू, धरमात कायची निवडानिवड? कालेजात हेच शिकवतेत का?" चक्कीतले सारे हसले. पुन्हा पिपा आला. मी आणि आई धान्य निवडत बसायचो, पण आमच्या सुपापेक्षा काकूंचे मंगळवार-शुक्रवार लवकर येत. मी तासिका तत्त्वावर शिकवायचो. मानधन उन्हाळ्यापासून अडकलेलं.

एका मंगळवारी ऑटोवाला आलाच नाही. त्या बिचाऱ्यानं फुकटच्या खेपा आधीच केल्या होत्या. मी दुसऱ्या ऑटोवाल्यांना फोन लावत राहिलो. कोणी उचलला, कोणी नाही.

संध्याकाळी चक्कीत गेलो तर काकू पायरीवर बसलेल्या. पाय सुजून टम्म. मांडीवर गव्हाचं लहानसं दळण. चक्कीवाल्याला देण्याआधी त्यांनी त्यातली एक मूठ पिप्यात टाकली.

"काकू, तो पिपा तुमच्यासाठीच आहे."

"मालूम हाये मले. साऱ्यायनं टाकलं, मंग मी कशी न टाकता जाऊ?" पदरानं हात पुसत त्यांनी विचारलं, "शुक्रवारी तरी जमन का रे?"

मी पिप्याकडे पाहिलं. तो काठोकाठ भरला होता.