आधी मावशींचे दात

मी लिहावं असं काही माझं शिक्षण नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण मावशींबद्दल कुणीतरी लिहायला हवं.

मावशी मुलासमोर बसत आणि स्वतःच तोंड उघडत. एवढं, की पडजीभ दिसावी. मग स्वतःचा लाल ब्रश त्याच्या हातात देत. "घे बाळा, आदी माझं घास."

पाथर्डीजवळच्या विशेष मुलांच्या निवासी शाळेत मावशी मुलांचं सगळं करायच्या. माझी बहीण सुमी तिथंच होती. सुमी बोलत नाही, आणि तोंडाला कुणी हात लावलेला तिला खपत नाही. घरी आई पाय धरायची, आण्णा डोकं धरायचे. तरी बोटाला चावा बसायचाच. शेवटी दाढ किडली, गाल सुजला. डॉक्टर म्हणाले, रोज घासले नाहीत तर बाकीच्या दाढाही जातील.

मावशींनी तिला धरलं नाही. मलाच विचारलं, "डोस्कं धरल्यावर तुमी उगडताल का तोंड?" महिनाभर सुमीनं फक्त मावशींचे दात घासले. मग एक दिवस समोर बसली आणि तिनंच आ केला.

मावशींना मिश्रीची सवय होती. ब्रशावरचा काळा फेस बघून एक पोरगं "शी!" म्हणालं, त्या दिवशी डबी उकिरड्यावर गेली. "नवरा सांगून थकला हुता," त्या हसत सांगायच्या. अठरा मुलं, म्हणजे अठरा वेळा दात घासून घ्यायचे. "माज्याइतकं सोच्च तोंड आख्ख्या जिल्ह्यात न्हाई!"

गेल्या वर्षी त्या काम सोडून जामखेडकडे लेकीच्या गावी गेल्या. लाल ब्रश सुमीला देऊन गेल्या. नव्या बाईंनीही आ करून पाहिला, पण सुमी ब्रश उराशी धरून दाराकडे बघत राही. तिचं तोंड पुन्हा मिटलं.

परवा आण्णांचा फोन आला. सुट्टीत ते सुमीला मावशींकडे घेऊन गेले होते. मावशींना आता कवळी बसली आहे. सुमीनं पिशवीतून लाल ब्रश काढताच त्यांनी कवळी काढून तिच्या हातावर ठेवली. "घे, आता चांगली फिरवून फिरवून घास."

निघताना मावशी म्हणाल्या, "आण्णा, आता तुमची पाळी. उगडायचं."

"मंग?" मी विचारलं.

"आज सकाळी उगडलं. लई जोरात घासती रं ती," आण्णा म्हणाले. "मंग तिनं उगडलं."