टाळी न वाजवणाऱ्या तांबे बाई

तांबे बाई टाळ्या वाजवत नसत. पारितोषिक वितरणात नाव पुकारले जाई, मूल मंचाकडे धावे, सगळा मंडप टाळ्यांनी भरून जाई, आणि शिक्षकांच्या रांगेत कडेला बसलेल्या बाईंचे हात मात्र मांडीवरच्या पिशवीवर स्वस्थ असत. अंबरनाथच्या त्या लहानशा शाळेत मी विज्ञान शिकवायला नवा लागलो, तेव्हा मला तो त्यांचा खडूसपणा वाटला. एकदा धीर करून कारण विचारले. त्या म्हणाल्या, "टाळी वाजवली की आपण सुटतो, सर. झालं कौतुक, आता तू तुझा नि आम्ही आमचे. मला पोरांपासून इतक्यात सुटायचं नाही."

शाळा एमआयडीसीच्या मागच्या अंगाला होती. पत्र्याचे छप्पर, पुढे मातीचे अंगण आणि समोर बैठ्या चाळींची अरुंद गल्ली. कारखान्यांत पाळी करणाऱ्यांची मुले आमच्याकडे येत. त्यांतल्या कुणी काही मिळवले, की दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई त्याला घेऊन गल्लीत निघत. ज्याच्या ज्याच्या मदतीने ते यश आले, त्याच्या दारात जाऊन मुलाने स्वतःच्या तोंडाने ते सांगायचे, असा त्यांचा नेम होता. मुले त्याला 'बाईंची फेरी' म्हणत आणि तिला इतकी भीत, की काही जण उत्तेजनार्थ बक्षिसावरच समाधान मानत.

हस्ताक्षर स्पर्धेत पहिला आलेला एक मुलगा माझ्यासमोर अडून बसला होता. "बाई, मला कुणीच मदत केली नाही. मी एकट्यानेच केलं."

"एकट्याला साधी उचकीसुद्धा लागत नाही रे," बाई म्हणाल्या. "तिकडे कुणीतरी आठवण काढावी लागते. चल, तुमच्या शेजारच्या मावशींकडे. सरावाच्या दिवसांत त्यांनी टीव्हीचा आवाज कुणासाठी कमी ठेवला होता?"

तो गेला. मावशींनी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, आणि पुढच्या महिन्यात त्याच मावशी चार बायका बरोबर घेऊन आमच्या वर्गांच्या भिंती सारवायला आल्या. दुसऱ्या एका मुलीला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा बाईंनी तिला तिच्या दारुड्या बापासमोर उभे केले. मुलगी मान वर करीना. बाई म्हणाल्या, "परीक्षेच्या आठवड्यात हा माणूस घरात गोंधळ नको म्हणून बाहेर ओट्यावर झोपला. बाकीचं सगळं तुझ्या लक्षात आहेच. हेही असू दे." तो बाप तिथेच खाली बसला आणि त्याने तोंड झाकून घेतले. तो सुधारला, असे मी लिहिणार नाही, सुधारला नाही. पण शाळेच्या मोडक्या बाकांना वेल्डिंग करायला तो दरवर्षी न बोलावता येऊ लागला.

ही रीत बाईंनी घरातून आणली होती. त्यांच्या वडिलांना लहानपणी वर्गाबाहेर बसवीत. एका शेजारणीने त्यांना पहिली पाटी दिली. वडील पुढे कारखान्यात कारकून झाले, कुटुंबासह बौद्ध झाले, बदलापुरात कात्रपला घर केले. पण ती म्हातारी जिवंत असेतो दरवर्षी तिच्या दारी जाऊन आपली खुशाली सांगत आले. "आमच्याकडे पाया पडायची पद्धत नाही," बाई म्हणत, "पण दारात जायची आहे."

बाई प्रेमळ होत्या, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांची जीभ तिखट होती आणि हुशार मुलांना त्या अधिक कठोरपणे वागवीत. मी सौम्य बोलणारा म्हणून विद्यार्थिप्रिय होतो. त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुमचं बोलणं सायीसारखं आहे, सर. खाली दूध आहे का पाणी, ते कळत नाही." मी हसलो होतो.

प्रणाली आमच्याकडे नववीत होती. तिचे वडील आनंदनगरला एका कंपनीत रात्रपाळी करीत. ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावे. मैदान नव्हते, म्हणून पहाटेच्या अंधारात एमआयडीसीच्या रस्त्यावर सराव चाले. गल्लीतले रिक्षावाले भोईरकाका पहिले भाडे घेण्याआधी तिच्या मागे मागे रिक्षा चालवीत. तिला पुढे उजेड मिळावा आणि कुत्री अंगावर येऊ नयेत म्हणून. तिच्या बुटाचा तळ निघाला, तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराने नवा जोड पुढे केला आणि म्हणाला, "साईं, ये ले जाओ. पोरगी जिंकली की इथे आणून दाखवा, बस." त्या वर्षी प्रणाली राज्यस्तरीय शालेय स्पर्धेत दुसरी आली. आमच्या शाळेच्या वाट्याला एवढे यश पूर्वी कधी आले नव्हते.

संस्थेच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. निकाल कळताच भाऊंनी उघडी जीप, डीजे आणि फ्लेक्स ठरवला. फ्लेक्सवर भाऊंचा चेहरा पुरुषभर उंच होता. प्रणाली खालच्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी. नव्या इंग्रजी माध्यमाच्या प्रवेशांची जाहिरातही त्यावरच होती. बाई त्यांना भेटायला गेल्या तेव्हा मी हजर होतो.

"पोरगी राज्यात दुसरी आलीय, बाई," भाऊ म्हणाले, "आणि तुम्ही तिला दारोदार फिरवणार? वर्गणी मागायचीय का काय?"

"वर्गणी नाही, भाऊ. तिला दिलेलं परत पोचवायचंय. तुमची गाडी काढा ना, पण आधी गल्ली होऊ दे. गाडी काही आमच्या गल्लीत शिरत नाही."

"मग गल्लीच रुंद करून टाकू की," भाऊ हसत म्हणाले. मीही हसलो, कारण मुख्याध्यापक त्या वर्षी निवृत्त होणार होते. जागा ज्येष्ठतेने बाईंची होती आणि भाऊंच्या मनात कोण आहे, हे कुणाला ठाऊक नव्हते.

प्रणाली परतली त्या दिवशी तिला घ्यायला मी स्टेशनबाहेर होतो. तिने गळ्यातले पदक सदऱ्याच्या आत सरकवले होते. "सर, बाई कुठे आहेत?" तिने विचारले.

"गल्लीत थांबल्या आहेत."

"मग आधी तिकडे जाऊ ना. भोईरकाका वाट बघत असतील."

जीपमधून भाऊंचा आवाज आला. "अहो सर, काय चाललंय? घ्या तिला वर. चॅनेलवाले ताटकळलेत."

तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "बस बाळा. फेरी उद्या करू." माझा आवाज नेहमीसारखा मृदू होता. त्या आवाजाने मला आयुष्यात फार वेळा वाचवले आहे.

गल्लीच्या तोंडाशी बायका औक्षणाची ताटे घेऊन उभ्या होत्या. भोईरकाकांनी रिक्षा धुऊन तिला झेंडूची माळ घातली होती. जीप मोठ्या रस्त्याने सरळ पुढे निघून गेली. डीजेच्या आवाजात कुणी हाका मारल्या असतील, तर त्या आम्हाला ऐकू आल्या नाहीत. संध्याकाळी बाई एकट्याच दारोदार गेल्या. प्रत्येक ठिकाणी एवढेच म्हणाल्या, "तिला येऊ दिलं नाही. तिच्या वतीने मी आले." भोईरकाकांनी त्यांना पाणी दिले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. मोठ्या गाडीत बसलीय पोर. आमची रिक्षा तिला दिसली बी नसंल."

तो 'उद्या' आला नाही. सत्कारांमागून सत्कार झाले आणि मग भाऊंच्या ओळखीने प्रणालीला बाहेरगावच्या क्रीडा प्रबोधिनीत घेतले. पुढच्या उन्हाळ्यात छपराचे पत्रे डांबरायला दरवर्षीसारखे गल्लीतून कुणी आले नाही. मी बोलवायला गेलो, तर मावशी दारातूनच म्हणाल्या, "आता तुमची शाळा मोठी झाली, सर. मोठ्या माणसांना सांगा." वेल्डिंगवालाही फिरकला नाही. वर्ग गळू लागले. पालकांचा सहभाग राहिला नाही, असे कारण देऊन भाऊंनी मराठी तुकड्या एकेक करून बंद केल्या. काही वर्षांनी चाळी पाडून तिथे टॉवर उभे राहिले. भाऊंनी आपला शब्द पाळला. गल्ली खरोखरच रुंद झाली.

बाई गेल्या वर्षी गेल्या. कात्रपच्या त्यांच्या घरी बुद्धवंदना झाल्यावर लोक पांगले, तेव्हा एक उंच तरुणी माझ्यापाशी आली. ती प्रणाली होती; आता पोलिसांत आहे. तिने भोईरकाकांचा पत्ता विचारला; मला तो माहीत नव्हता. मावशींचा विचारला, तोही माहीत नव्हता. "मी त्यांच्याकडे एकदा जाऊन यायचं म्हणतेय," ती म्हणाली. "राहूनच गेलं तेव्हा." माझ्यामुळे राहिले, असे ती म्हणाली नाही. मग बाईंच्या फोटोकडे पाहत हसून म्हणाली, "शेवटपर्यंत एक टाळी नाही वाजवली बाईंनी. तुम्ही कधी पाहिलं का हो, सर?"

"एकदा पाहिलं."

"कुणासाठी?"

नव्या इमारतीच्या सभागृहात भाऊंनी मुख्याध्यापक म्हणून माझे नाव जाहीर केले, तो दिवस माझ्यासमोर उभा राहिला. मी उठून नमस्कार केला. रिवाजाप्रमाणे टाळ्या झाल्या आणि थांबल्या. त्यानंतरही एक टाळी वाजत राहिली, संथ, सवय नसलेल्या हातांची. कडेच्या खुर्चीत बाई माझ्याकडे पाहत टाळ्या वाजवत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, उपहासही नव्हता. पिशवी त्यांनी खाली जमिनीवर ठेवली होती. निवृत्तीपर्यंत त्या रोज मला "नमस्कार, सर" म्हणत राहिल्या. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही, काही विचारले नाही, की माझी एकही चूक दाखवली नाही.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

प्रणालीचे हसू मावळले. ती बाईंची विद्यार्थिनी होती. बाईंची टाळी म्हणजे काय, ते तिला ठाऊक होते.