पंपामागचा पोरगा

ऑफिसात तिला तोंडावर सगळे ‘ताई’ म्हणायचे आणि पाठ वळली की ‘फिकट मॅडम’. त्याला कारणही तसंच होतं. कोणी स्लाइड दाखवायला आणली, की ती मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, “फार भडक झालंय हो. जरा फिकट करू या.” पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत स्लाइड करणं हेच तिचं काम. त्या स्लाइड घेऊन कंपनीचा प्रशिक्षक गावोगाव फिरायचा आणि तिथल्या मेकॅनिक लोकांना पंप कसा उघडायचा, सील कसं बदलायचं हे भिंतीवर दाखवायचा. त्याला सगळे ‘मास्तर’ म्हणत. माणूस बोलघेवडा, पण मनाने बरा.

ताईची एक गोष्ट मात्र मास्तरलाही ठाऊक नव्हती. सगळ्या स्लाइडच्या मुळाशी एक स्लाइड असते. तिच्यावर ठेवाल ते प्रत्येक स्लाइडच्या मागे उमटतं, आणि वरून कितीही क्लिक केलं तरी हाती लागत नाही. इतर लोक तिथे कंपनीचं चिन्ह ठेवतात, वॉटरमार्क म्हणून. ताईने तिथे आपला धाकटा भाऊ ठेवला होता.

भाऊ घरातून गेला तेव्हा त्याला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. वडिलांच्या दुकानात बसायचं सोडून दिवसभर कुठलं ना कुठलं मशीन उघडून बसायचा, त्यावरून रोज खटके उडायचे. एक दिवस वडील भरल्या ताटावरून म्हणाले, “या घराला तू मेलास.” एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण ते उठले आणि त्याच्या देखत भिंतीवरचा त्याचा फोटो उतरवला. पोरगा हात न धुता उठला आणि गेला तो गेलाच. पुढे शोधाशोध झाली, पण पत्ता लागला नाही. त्याला आता तीसेक वर्षं झाली होती आणि वडील थकले होते. दारासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि कडी वाजली की मान वर करायचे. नाव मात्र काढायचे नाहीत.

तो फोटो ताईने जपून ठेवला होता. सायकलला टेकून हसणारा पोरगा, डावा कान जरा बाहेर आलेला. मशीनचं वेड असलेला मुलगा कुठे ना कुठे मेकॅनिकच झाला असणार, आणि मेकॅनिक झाला तर कधी तरी आपल्या स्लाइडसमोर बसणार, असं तिने मनाशी धरलं होतं. फोटो तिने इतका फिकट केला की तिच्या पडद्यावर तो तिलाच तेवढा दिसायचा. रोज सकाळी फाइल उघडली की ती आधी त्याच्याकडे बघायची.

पण सगळे प्रोजेक्टर सारखे नसतात. कुठे दिवे मालवले की पंपाच्या मागून तो चेहरा हळूहळू वर यायचा. एकदा मास्तर दौऱ्यावरून परतला आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला, “ताई, तुमच्या पंपाला भूत लागलंय! सीलची स्लाइड आली की एक पोरगा हसतो. परवा तर शेवटच्या रांगेतला एक बाप्या, चांगला केस पिकलेला, ढसाढसा रडला. पार घाबरला बिचारा!”

सगळे पोट धरून हसले. ताईही हसली. तिच्या भावाचे केस काळे कुळकुळीत होते, फोटोत रोज बघत होती ना ती.

बातमी साहेबांच्या कानावर गेली. “कोणाचा फोटो आहे तो? काढा आणि चिन्ह टाका,” ते म्हणाले. “चुकून राहिला असेल,” ताई म्हणाली. तिने मूळ स्लाइड उघडली, भावाला पुसलं आणि तिथे कंपनीचा निळा थेंब ठेवला. आपणच त्याला हात धरून घराबाहेर काढलं, असं तिला वाटलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच गावाहून दुपारी मास्तरचा फोन आला.

“ताई, एक गंमत ऐका. तो गेल्या वर्षीचा रडणारा बाप्या आज परत आला. शिकलेलंच शिकायला! शेवटपर्यंत नुसता भिंतीकडे बघत बसला. सगळे गेल्यावर मला विचारतो, ‘मागे एक पोरगा असायचा, तो कुठंय?’ मी म्हटलं, काढून टाकला बाबा. तर म्हणाला, ‘परत उतरवला का?’ आणि निघून गेला. परत म्हणजे काय हो?”

ताई ताडकन उभी राहिली.

“मास्तर, त्याचा डावा कान?”

“कान? हां, जरा बाहेर होता. का हो?”

“पळा! तो माझा भाऊ आहे. पळा हो, मास्तर!”

आपलं जड शरीर सांभाळत मास्तर धावला. रस्त्यावर, चहाच्या टपरीवर, बसथांब्यावर बघून आला. धापा टाकत एवढंच म्हणाला, “नाही सापडला, ताई.”

दुसऱ्या दिवशी तिथेच आणखी एक वर्ग होता. ताईने त्याच रात्री मूळ स्लाइडवर फोटो परत ठेवला, या वेळी जराही फिकट केला नाही, आणि फाइल मास्तरला पाठवली. साहेब काय म्हणतील ते म्हणोत. सकाळी भिंतीवर पंपाचा एक भाग धड दिसेना, वाचता एक अक्षर येईना. भिंतभर सायकलला टेकलेला तो पोरगा. मास्तरने फोन केला, “शेवटची खुर्ची रिकामी ठेवलीय, ताई. दारही सताड उघडं आहे.”

वर्ग संपेपर्यंत खुर्ची रिकामीच राहिली.

संध्याकाळी ताईने घराची कडी वाजवली. आत वडिलांनी मान वर केली.

“कोण आलं?”

“मीच आहे, बाबा.”