भाभींचा 'सावला'

शिरगावच्या आमच्या भजनी मंडळात परवा कुणीतरी लवंगांची डबी फिरवली. लवंग दाताखाली धरली आणि त्या वासानं मी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर पोचले. खाली अंथरलेली सतरंजी, आम्ही दहाबारा बायका, आणि गाण्याआधी प्रत्येकीच्या हातावर लवंग ठेवणाऱ्या आमच्या सिंधी शेजारीण, लाजूभाभी.

त्यांना ळ म्हणताच यायचा नाही. 'सावळा' आलं की त्या 'सावला' म्हणायच्या, तेही सगळ्यांत मोठ्यांदा. एका संध्याकाळी पेटी वाजवणाऱ्या काकूंनी भजन थांबवलं आणि त्यांच्याकडून तो शब्द पुन्हापुन्हा म्हणवून घेतला. दरवेळी 'सावला'च. शेवटी भाभी मागे सरकून बसल्या. "मेरे से नहीं होगा. तुम्ही गा, मी टाली वाजवते."

काकूंनी पेटी पुन्हा धरली. ती ओळ आली, आणि काकूच सगळ्यांआधी 'सावला' म्हणाल्या. मग आम्हीही. भाभींना इतकं हसू आलं की पुढचं कुणालाच धड गाता येईना. तेव्हा ती गंमत वाटली होती. आता वाटतं, इतक्या सहज कुणी कुणासाठी चुकत नाही.

भाभी गेल्याचं मागच्या आठवड्यात फोनवर कळलं. मी "बरं" म्हटलं आणि राहिलेली मेथी निवडत बसले. आत काही हललंच नाही. अजूनही नाही.

परवा भजनात 'सावळा' आलं, तेव्हा शेजारची मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, ळ आहे तिथे."

"माहितीये," मी म्हटलं, आणि पुढच्या वेळीही 'सावला'च म्हणाले.