सगळ्या दारांना तोरणं

परवा नातसुनेच्या हातून काचेच्या मण्यांचा डबा सांडला आणि त्या खळखळाटानं मी सत्तरेक वर्षांपूर्वीच्या आमच्या एरंडोलच्या घरात पोचले.

चुलतबहीण शकूला बघायला धुळ्याची मंडळी आली होती. दारावर माझं काचेच्या मण्यांचं तोरण लटकत होतं. स्वतःच्या रुखवतासाठी मी ते उन्हाळाभर ओवलं होतं, आणि काकूनं न विचारता माझ्या ट्रंकेतून काढलं होतं. शकूला तर सुईत दोराही ओवता येत नसे.

"हाई बठ्ठं आमनी शकूनं काम शे," काकू तोरणाकडे बोट दाखवत म्हणाली.

मुलाची आई हरखली. "मग लग्नात आमच्या सगळ्या दारांना अशीच तोरणं आण हं, शकू!"

काकूनं केविलवाणं माझ्याकडे पाहिलं. पोह्यांच्या बश्या ठेवत मी गोड हसले. "आणेल ना! एकटीच करते ती. कुणाला हात लावू देत नाही."

तेव्हा वाटलं, फिटलं सगळं. आता वाटतं, धुळ्याच्या त्या घराला दारं फार कमी होती.