शिंकेनंतरच्या शुभेच्छा

"मावशी, आई गेली... सर्जरी नीट झाली होती, पण नंतर हार्टनं..." नलूताईंचा मुलगा अनिकेत फोनवर सांगत होता. तव्यावरची पोळी करपली. त्याला आता काही आठवडे झाले.

इकडे अमेरिकेत, शुगर लँडमध्ये आमची घरं एकाच रस्त्यावर. पुण्यात जन्मभर फ्रेंच शिकवून नलूताई लेकाकडे आलेल्या. मी नवऱ्यामागे एकटी, मुलगी दूर क्युपर्टिनोला. ऊन चढायच्या आत आम्ही फिरून यायचो, मग माझ्याकडे चहा. त्यांच्यापाशी प्रत्येक गोष्टीला फ्रेंच शुभेच्छा तयार. मी गाडी काढली की "बॉन रूत", प्रवास सुखाचा होवो. मग मी कोथिंबीर आणायला का निघालेली असेना. सिंकमध्ये भांड्यांचा ढीग दिसला की "बाँ कुराज", हिंमत धर. भांड्यांना हात मात्र लावायच्या नाहीत.

वसंतात ओकच्या परागांची पिवळी धूळ उडायला लागली की मला शिंकांचा सपाटा. पहिलीला त्या म्हणायच्या "आ ते स्वे", तुझ्या इच्छा पुऱ्या होवोत. दुसरीला "आ तेझामूर", तुझी प्रेमं फळोत. "या वयात कसली प्रेमं?" "मग एका शिंकेतच आटोप ना." एकदा मी विचारलं, घरात कुणी नसेल तर आपणच म्हणायचं का? "छे गं," त्या म्हणाल्या, "ते दुसऱ्यानंच म्हणायचं असतं."

सर्जरीच्या आदल्या दिवशी भेटायला आल्या. "येते गं," म्हणून उठल्या आणि मला शिंक आली. माझ्या माहेरी निघताना शिंक म्हणजे अपशकुन. निघणाऱ्यानं पुन्हा टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. मी दाराजवळची खुर्ची पुढे केली. "आ ते स्वे," त्या हसल्या, "मी शुभेच्छा देतेय आणि तू मला शिक्षा." पण बसल्या, माझ्या समाधानासाठी. पाणी प्यायल्या, "तुझ्या तुळशीला सावलीत ठेव" म्हणाल्या... बाहेर अनिकेत गाडीत खोळंबला होता. त्या टेकण्यानं त्या वाचल्या नाहीत. मला मात्र त्या तेवढा वेळ जास्तीच्या मिळाल्या.

पिवळी धूळ अजून उडतेच आहे. शिंक येते आणि मी सवयीनं कान देते. फार एकटं वाटतं, सरळच लिहिते. मुलगी म्हणाली, "आई, मी फोनवर म्हणत जाईन ना, प्रॉमिस." पण शिंक काय फोन लागेपर्यंत थांबते? ती खुर्ची दाराजवळच आहे. शिंक आली की, कुठे निघायचं नसलं तरी, मी जाऊन तिच्यावर जरा टेकते.