वैनींचं अबईचं बी

वैनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारळ खवत होते. हॉस्पिटलातून पुतणी मनीषा रडत म्हणाली, "काकी, आई गेली गो." मी "येते लगेच" म्हटलं, विळी आडवी केली, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता बी कुणाकडे राहणार? दीड महिना होऊन गेला, पण त्या विचाराची मला अजून लाज वाटलेली नाही.

वैनी म्हणजे माझी मोठी जाऊ. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची कोपऱ्यातली खोली, शेजारची माझी. त्यांच्या दारापुढे तेलाच्या जुन्या डब्यात अबईचा वेल असायचा, सासूबाईंनी गावाहून आणलेल्या बियांचा. पावसाच्या तोंडावर पेरला की सुतळीवरून चढत थेट कौलांवर जायचा, आणि वीतभर लांब, रुंद शेंगा लोंबायला लागायच्या. कोवळ्या शेंगांच्या शिरा काढायच्या, बारीक चिरायच्या, वर ओलं खोबरं... माझ्या नवऱ्याचा त्या भाजीवर जीव. घरची रीत अशी, की वेलावरची पहिली शेंग कुणी खायची नाही. ती बेण्यासाठी वाळू द्यायची, आणि बी थोरल्या सुनेच्या ताब्यात. धाकटीला हवं असेल तर तिने मागायचं.

मी मागितलं. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापासून दर वर्षी मागितलं. वैनींनी कधी नाही म्हटलं नाही. "थांब हां, देतंय," म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी कागदाच्या पुडीत चार बिया आणून द्यायच्या. मी शेणखत आणायचे, बीचा डोळा खाली करून पेरायचे, सकाळ-संध्याकाळ डब्यात डोकावायचे. काही उगवायचं नाही. उकरलं की कुजका लगदा हाताला लागायचा. कठड्याला रेलून वैनी म्हणायच्या, "तुझ्या हाताक गुणच नाय, सुलू." आणि मग वाटीभर भाजी पाठवायच्या, 'सुलूकडे काय उगवत नाय' या निरोपासकट. मजल्यावर सगळ्यांना ठाऊक झालं. सासूबाई मला तुळस लावू देईनात, लोणच्याच्या बरणीला हात लावू देईनात. सगळ्यात वाईट म्हणजे मीसुद्धा ते खरं मानलं. मूल राहायला मला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत दर महिन्याला पाळी आली की मला तो कुजका लगदाच आठवायचा.

कार्य उरकल्यावर मनीषा आणि मी खोली आवरत होतो. मांडणीवर राखेत ठेवलेल्या बियांचा डबा सापडला. ती म्हणाली, "काकी, तू घे. पण आई करायची तसं पाण्यात नको घालू हां."

"कोमट पाण्यात भिजवायच्या ना रात्रभर?"

"कोमट कुठलं गो! कोणी बी मागितलं की खळखळ उकळत्या पाण्यात टाकायची, मग पुसून सुकवून द्यायची. म्हणायची, कीड लागू नये म्हणून."

आपण काय सांगतोय हे पोरीला कळलंच नाही. वैनींच्या फोटोला ताजा हार होता. तो ओढून गॅलरीतून खाली फेकावासा वाटला. कपाळावर कुंकू, चेहरा शांत... माझी उमेदीची वर्षं या बाईने पातेल्यात उकळली, आणि मी तिच्या आजारपणात तिला पेज भरवली.

डब्यातल्या चार बिया मी पेरल्या. चारही उगवल्या. आता वेल सुतळीला लागलाय, आणि मी येताजाता त्याला हात लावून बघते.

परवा पलीकडच्या खोलीतली नवी सून आली. "काकी, मला पण द्या ना बी." मजल्यावर आता एकच वेल आहे, आणि तो माझा आहे. मी म्हटलं, "थांब हां, देते." शब्द वैनींचेच निघाले. आत येऊन पातेल्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला, डबा उघडला. पाण्याला आधण येईपर्यंत बिया मुठीत धरून उभी होते. वैनींना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मग त्या पाण्यात चहाची पूड टाकली. तिला आत बोलावून बसवलं आणि बिया कोरड्याच दिल्या. पेरताना डोळा खाली कर, एवढं सांगितलं.